फटफटीच्या गोठ्याची जमीन

आमच्या घरमालकांच्या गोठ्यात एक फटफटी बांधलेली असे. बांधलेली हे मी अक्षरशः म्हणतो. बैल विकल्यावर त्यांची साखळी रिकामी पडली होती, ती पुढच्या चाकातून ओवून त्यांनी त्याच जुन्या खुंट्याला अडकवली होती. मी एकदा विचारलं, "ही काय पळून जाणार आहे?" तर म्हणाले, "बैल तरी खंय पळान जाय होते? तरी बांधीच होतंव मां?"

गाव त्यांना आबा म्हणे. मी मालवणजवळच्या कट्टा गावच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो. घाटावरून आलेला, तिन्हीत्रिकाळ भाताला न सरावलेला आणि पायाला चिखल लागला की चिडणारा. आबांच्या घराच्या एका टोकाची खोली मला भाड्याने मिळाली. ट्रंक खाली ठेवतोय तोच आबा दारात उभे. नव्या माणसाला विचारतात तसं गाव कुठलं, आडनाव काय, मासे चालतात का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. "मास्तरांनू, तुमच्या घाटार घरातली जमीन कसली करतत?" मी म्हटलं, शेणाने सारवलेली, थोरामोठ्यांकडे फरशी. "फरशेर तेल सांडला तर?" फरशीवर तेल सांडलं तर घरातल्या बायका ओरडतात, एवढीच माझी माहिती होती. ती मी दिली. आबांनी निराशेने मान हलवली आणि निघून गेले. पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो होतो.

फटफटीची हकिगत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी. मला पटली ती अशी की आबा तरुणपणी मुंबईला मोटारींच्या कारखान्यात लागले, तिथून लढाईत पलटणीबरोबर गेले, आणि लढाई संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावात ही इंग्रजी फटफटी घेऊन गावी परतले. मालवणला बोटीतून होडीत उतरवताना ती कलंडली आणि अर्धी खाऱ्या पाण्यात बुडाली. "तेवापासून तिका पावसात खोकलो येता," असं आबा सांगत. त्या काळी आमच्या बाजूला फटफट्या होत्या किती? मालवणच्या डॉक्टरांची एक, बांद्याच्या एका व्यापाऱ्याची एक आणि गुरांच्या इन्स्पेक्टरची एक, तीही बहुधा बंदच. त्यातली एखादी आजारी पडून आबांकडे येई. बाकी वर्षभर आबा आपलीच फटफटी सुटी करत आणि पुन्हा जोडत.

गोठ्याची जमीन मातीची होती. चोपून घट्ट केलेली आणि वर सारवलेली, कुठल्याही गोठ्यात असते तशी. गुरांना ती ठीक होती, यंत्राला नव्हती. तेल गळे ते माती पिऊन टाकी, आणि तेल प्यालेली माती पोपडे धरून उठे. फटफटीचा स्टँड रुते. नटबोल्ट पडले की भेगांत जात. त्यासाठी आबांनी एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवला होता. संध्याकाळी तो जमिनीवरून ओढत ते गोठ्यात फेऱ्या मारत आणि त्याला काय चिकटलं ते दर फेरीला उचलून बघत. पितळेचं काही पडलं असेल तर मात्र इलाज नसे. मग ते ओणवे होऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, बोटांनी माती उकरत बसत आणि पितळ ओढणारा चुंबक न काढल्याबद्दल इंग्रजांना शिव्या घालत.

"दुसरी जमीन करूची आसा," हे त्यांचं पालुपद होतं. गोठ्याच्या मागच्या भिंतीलगत त्यांनी निरनिराळ्या जमिनींचे नमुने मांडले होते. शहाबादी फरशीचा तुकडा, जांभ्या दगडाचा तासलेला चिरा, शिंपल्यांच्या चुन्याचा हातभर कोबा, बांद्याच्या बाजारातून आणलेली फुलाफुलांची एक लादी. एका चौकटीत नुसती समुद्राची वाळू भरली होती. प्रत्येकीवर आबा इंजिनातलं जुनं तेल टाकत, हातोडा पाडून बघत आणि शेवटी गुडघे टेकून कंटाळा येईपर्यंत बसत. "मेकॅनिक हातान काम करता असां लोकांका वाटता," ते म्हणत. "तो गुडघ्यांनी करता."

निकाल ठरलेले असत. शहाबादीवर तेल पडलं की पाय सरकतो. चिरा तेलही पितो आणि वर लाल भुकटी सोडतो. चुन्याचा कोबा चांगला, पण तो घोटणारा म्हातारा मालवणात होता तो वारला. वाळूत पडलेला बोल्ट "आरोंद्याक भायर पडतलो," म्हणजे थेट गोव्याच्या हद्दीवर. लादी सगळ्या परीक्षांत पास झाली, तर म्हणे, "फुलार तेल सांडूक हात होणा नाय." सिमेंट तेव्हा परमिटावर मिळे. परमिटासाठी कचेरीच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि पलटणीतून सुटल्यापासून आबांनी कुणाच्याही दारात उभं राहायचं सोडलं होतं. मी हे सगळं चार-पाच महिने ऐकलं आणि मनाशी निदान केलं की म्हातारा कंजूष आहे. घाटावरच्या माणसाला कोकणातल्या माणसाबद्दल हे निदान करायला फारसा पुरावा लागत नाही.

आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला. आबा एकटेच शिजवत आणि एकटेच जेवत. देवळात भजनाला जात नसत. इंजिनांनी कान गेले, सूर कळत नाहीत, असं सांगत. पण संध्याकाळची एस.टी. यायच्या वेळी ते न चुकता तिठ्यावर हजर. मी विचारलं, "कुणी यायचंय का?" तर म्हणाले, "नाय, इंजिनाचो आवाज आयकूक इलंय." गाडी थांबली की ते कान देऊन ऐकत आणि ड्रायव्हरला "टॅपेट वाजता रे," म्हणून बजावत. मात्र शेवटचं माणूस उतरेपर्यंत त्यांची नजर गाडीच्या दारावर असे, आणि टॅपेट असतात इंजिनात, गाडीच्या दारात नव्हे. मला त्यांची कीव येई. कुणाची कीव करत बसायला मला आवडत नाही, म्हणून मी मुकाट्याने वाण्याकडे वळे.

गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडच्या घरात त्यांचे चुलतभाऊ राहत, नाना. दोघे एका घरात वाढलेले, एका ताटात जेवलेले. पुढे बांधावरच्या एका फणसावरून वाद झाला, तो कोर्टात गेला, आणि वादळात फणस पडला तरी वाद उभाच राहिला. बोलणं बंद. आबांनी फटफटी सुरू केली की नाना मोठ्याने खोकत, आणि नाना खोकले की आबा फटफटीचा आवाज आणखी वाढवत. दोघांमध्ये दळणवळण म्हणतात ते एवढंच उरलं होतं.

मग माझी तिथली पहिली दिवाळी आली. पाडव्याला गावभर गुरांना आंघोळी घालून गोंड्याच्या फुलांच्या माळा घातल्या. आबांनी फटफटीला घातली, तिच्या दिव्याला कुंकू लावलं, आणि गुरांना भरवतात तो तांदळाच्या पिठाचा पोळा तिच्यापुढे क्षणभर ठेवून स्वतः खाल्ला. पाडवा झाला की वाडीत चोपणीचे दिवस सुरू होत. खराब झालेली जमीन उकरायची, वारुळाची लाल माती आणून पसरायची, पाणी मारून तुडवायची आणि पेटणी म्हणतात त्या लाकडी थापट्यांनी ठोकून ठोकून घट्ट करायची. हे एकट्याचं काम नाही. म्हणून तिथला रिवाज असा, की ज्याच्याकडे चोपणी असेल त्याच्याकडे वाडीतल्या घरटी एका माणसाने जायचंच. मजुरी नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि चहा. वैर असलं तरी जायचं. माणसाला नाही म्हणावं, पण जमिनीला नाही म्हणू नये, असं तिथे मानत.

आबांकडे चोपणी होती त्या संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात माणूस मावेना. ओळ धरून पेटणी पडत होती, कुणाच्या म्हशीच्या, कुणाच्या जावयाच्या गजाली चालल्या होत्या. शेजारची काकी चुलीपाशी बसून उसळीत मीठ कमी पडलं म्हणून आबांना झापत होती, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारे आबा ते खाली मान घालून सावकाश ऐकून घेत होते. नाना आले. कुणाशी न बोलता त्यांनी पेटणं उचललं आणि नेमके आबांच्या उजव्या हाताला उभे राहिले, कारण लहानपणापासून ओळीत त्यांची जागा तीच होती. दोघांची पेटणी एकदम वर जात होती आणि एकदम खाली येत होती. शेवटी कोपऱ्याशी पोचल्यावर नाना म्हणाले, "आबा, वायच बाजूक सर." आबा सरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला हे सगळं पुन्हा सांगितलं, मी तिथे नव्हतोच अशा थाटात. "नाना माका म्हणालो, वायच बाजूक सर." मी म्हटलं, ऐकलं मी. तरी त्यांनी आणखी एकदा सांगितलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी शाळेतून लवकर परतलो. आबा फटफटीचं तेल बदलत होते. जुनं तेल धरायचं घमेलं बाजूला रिकामं पडलं होतं. आबांच्या हातात डबा होता, आणि त्यातलं काळं तेल ते जमिनीवर ओतत होते. इथे थोडं, तिथे थोडं, कोपऱ्यात जरा सढळ हाताने. काकी तिच्या अंगणात सडा घाली तितकं नीट. मला बघून ते थांबले. "हात थरथरता हल्ली," म्हणाले.

हात अजिबात थरथरत नव्हता. मी खोलीत जाऊन कॉटवर बसून राहिलो. शहाबादी सरकते, चिरा भुकटी सोडतो, फुलावर तेल सांडवत नाही. इतक्या जमिनी नापास का झाल्या ते मला तेव्हा कळलं. ज्या जमिनीला दर वर्षी माणसं लागतात अशी एकच होती, मातीची, आणि ती आबांकडे आधीपासून होती. कंजूष हा शब्द मी मनातल्या मनात मागे घेतला. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. त्या वर्षीही चोपणी झाली, नानाही आले.

मुलगा दर गणपतीला येई. गुणी मुलगा, बापासारखा वाकडा नव्हे. तिसऱ्या वर्षी तो आला तेव्हा आबा पितळेची एक चकती शोधत मातीत ओणवे झाले होते आणि उठताना त्यांना खुंट्याचा आधार घ्यावा लागला. सुजलेला गुडघा मुलाने बघितला. दुपारी मीही त्यांच्या पंगतीला होतो. वरणभात वाढून झाल्यावर तो म्हणाला, "बाबानू, आता तुमी मातयेत बसूचा नाय. मी सिमेंटाची जमीन करून देतंय. परमिटाचा सगळा बघलंय मी."

"तू रवतलंस काय करूक?" आबांनी विचारलं.

"माका रजा खंय गावता? गवंडी येतले मालवणसून. तुमी फक्त बघा."

आबा भात कालवत राहिले. मी निकालाची वाट बघत होतो. सिमेंटाला भेगा जातात, सिमेंट पायाला गार लागतं, काहीतरी निघेल. आबांकडे निकालांना तोटा नव्हता. ते म्हणाले, "बरां. कर."

हात धुताना मी हळूच म्हटलं, "चोपणीचं सांगा ना त्याला."

"काय सांगू? माका माणसां व्हयी म्हणान?" आबा म्हणाले. "तो म्हणतलो, मगे मुंबईक चला. थंय एका खोलयेत इतकी माणसां. माका बसूक जागा नाय, फटफटेक तर नायच." मग हात पुसता पुसता म्हणाले, "पोरग्यान पयल्यांदा घराक कायतरी करतंय म्हटल्यान. तेका नाय कसां म्हणू, मास्तरांनू?"

दसरा झाल्यावर गवंडी आले. जमीन उत्तम झाली. करडी, गुळगुळीत, पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे अंगचा उतार दिलेली. पडलेली चकती आता टण्णकन वाजे आणि जिथे पडली तिथेच सापडे. स्टँड रुतत नव्हता. तेल लगेच पुसलं तर निघून जात होतं. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि आबा खोट काढत नाहीत हे मला बघवत नव्हतं.

पाडव्यानंतर त्यांनी दर वर्षीसारखी उसळ शिजवली आणि घरोघर सांगून आले, की चोपणी नाय, पण जमीन बघूक येवा. माणसं आली. भातकापणी चालू होती, त्यामुळे शेतातून परस्पर आली, पाय चिखलाने भरलेले. गोठ्याच्या दाराशी येऊन सगळी थांबली.

"बरी झाली हा रे."

"मुंबयसारखी."

"भुतूर येवा," आबा म्हणाले.

"नको आबा, पाय मळलेले आसत. खराब जातली."

"काय जाणा नाय, येवा."

"नको, हंयसरच बरां."

याच गोठ्यात घोटाभर चिखल तुडवलेली माणसं ती. उंबऱ्यावर पाऊल ठेवायला तयार होईनात. चहा त्यांनी अंगणात उभ्याउभ्या घेतला. मी नानांना शोधत होतो. नाना गडग्यापलीकडे आपल्या अंगणात पेंढा रचत होते. चोपणीला जायचा रिवाज होता, नुसती जमीन बघायला जायचा नव्हता.

आबा आत गेले. जुन्या तेलाचा डबा उचलून त्यांनी सगळ्यांच्या देखत तो त्या नव्या जमिनीवर उपडा केला.

"ह्यां बघा," ते म्हणाले. "मळली. आता येवा."

तेल उताराने हळूहळू दाराकडे आलं, आणि माणसं एकेक पाऊल मागे सरली. काकी म्हणाली, "आबा, पोरग्यान केलल्या जमनीर असां करतत?" मग कुणाला कापणी आठवली, कुणाला म्हशीची धार. अंगण रिकामं झालं. उसळ टोपात तशीच राहिली.

आबा गोणपाट घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पुसू लागले. मी चुलीतली राख आणून टाकली आणि त्यांच्याबरोबर बसलो. बराच वेळ पुसलं. डाग राहिलाच. "मातयेची आसती तर खरवडून काढली आसती," ते म्हणाले. माझं एकुलतं एक चांगलं धोतर तेलाने माखलं होतं, आणि मला राग आला नाही. रडू येत होतं.

मार्गशीर्षातला एक रविवार होता. आबा माझ्या खोलीत आले. एरवी ते बाहेरून बोलत, त्या दिवशी आत आले आणि टाचेने जमीन दाबून बघू लागले. "मास्तरांनू, तुमची जमीन मऊ पडलीशी दिसता."

माझी जमीन चांगली खडखडीत होती. तीन पावसाळ्यांत तिला एक भेग गेली नव्हती. आबा माझ्याकडे बघत नव्हते, कॉटच्या पायांकडे बघत होते.

"हो आबा," मी म्हटलं. "मलाही कधीपासून वाटतंय. कॉट डुगडुगते."

"मगे चोपूक व्हयी."

"चोपायला हवीच."

"तुमीच सांगा वाडयेत. जमीन भाडेकरूची, माझी नाय," ते म्हणाले आणि मी हो म्हणायच्या आत माती आणायला निघालेसुद्धा.

मी घरोघर जाऊन सांगितलं, माझ्याकडे चोपणी आहे. घाटावरच्या माणसाच्या तोंडी ते ऐकून काकी पदरात हसली, पण येतंय म्हणाली. शेवटी नानांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "खोली खंयची?"

"तुमच्या शेजारचीच."

"जमीन कोणाची?"

"माझी. मी भाडं भरतो."

नानांनी सुपारी तोंडात टाकली. "मगे येवक व्हया," म्हणाले.

खोली एवढीशी. चार माणसं शिरली की भरली, म्हणून बाकीची अंगणात पाळीची वाट बघत बसली. आधी जुनी जमीन उकरून काढायची होती. ती इतकी घट्ट होती की कुदळ उसळून परत येत होती. सगळ्यांनी ते बघितलं. नानांनी आबांच्या हातून कुदळ काढून घेतली आणि स्वतः घाव घालायला लागले. मग माती पसरली, तुडवली, ओळ उभी राहिली. आबा आणि नाना शेजारी शेजारी. काकी माझ्या स्टोव्हला नावं ठेवत चहा करत होती. मीही एक पेटणं घेतलं, आणि माझा ठोका सतत चुकत होता म्हणून सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

माणसं गेल्यावर आबा माझ्या उंबऱ्यावर बसून राहिले. ओल्या जमिनीवर त्यांनी तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"फुडल्या वर्सा हंयसरच आसतलास मां?" त्यांनी विचारलं.

"असेन," मी म्हटलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

जूनमध्ये माझी बदली झाली. पुढे आमची अधूनमधून पत्रं चालू होती. पाऊस कसा झाला, फटफटी कशी आहे, नाना कसे आहेत, सगळं मी विचारी. माझ्या खोलीत कुणी नवा भाडेकरू आला का, एवढं मात्र विचारायचा मला कधी धीर झाला नाही.